नवा सेन्सर, तोच कोड: ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमधला दोष शोधताना

पार्श्वभूमी

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ९२,००० कि.मी. चाललेली. एक्झॉस्टमध्ये, धुरातल्या ऑक्सिजनवरून पेट्रोल-हवेचं मिश्रण ओळखणारे, दोन ऑक्सिजन सेन्सर: पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, मागचा त्याच्या नंतर. दोन्ही झिर्कोनिया या सिरॅमिकचे, चार वायरींचे, आत हीटर असलेले. सेन्सरच्या बाजूच्या दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची (अर्थिंगची). कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पलीकडे गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) रंग बदलतात, तिथे वायरिंग डायग्राम लागतोच.

चेक इंजिनचा दिवा वारंवार लागत होता. अॅव्हरेज घसरलं होतं आणि थंड इंजिन चालू केल्यावर काही मिनिटं एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येत होता. लांबच्या रस्त्यावर गाडी व्यवस्थित, शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये मात्र दिवा हमखास. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. आधीच्या वर्कशॉपमध्ये तो कोणी विचारला नव्हता.

आधी काय झालं होतं

पहिल्यांदा स्कॅनरवर बिघाडाचा कोड निघाला पी०१३५: बँक १, सेन्सर १ (म्हणजे पुढचा), हीटर सर्किटमध्ये बिघाड. पुढचा सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. दोन-तीन दिवसांनी दिवा परत. दुसऱ्यांदा कपलर उघडून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे भरपूर मारला, पिना साफ केल्या, कोड पुसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निदान झालं की ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला आहे, तो बदलावा लागेल. मालक तिथे थांबला आणि गाडी दुसऱ्या ठिकाणी दाखवायला घेऊन आला.

दोन्ही वेळा काम झाल्यावर दिवा काही दिवस गप्प राहिला, म्हणून कामाचा उपयोग झाला असं वाटलं. खरं तर हा कोड दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या ड्राइव्ह सायकलमध्ये (इंजिन चालू केल्यापासून बंद करेपर्यंतची एक फेरी) दोष आढळला की ईसीएम तो ‘पेंडिंग’ म्हणून नोंदवतो, लागोपाठच्या दुसऱ्या सायकलमध्येही आढळला तरच दिवा लावतो. त्यात हीटरची चाचणी ठरावीक परिस्थितीतच होते. त्यामुळे काहीही दुरुस्त न करता नुसता कोड पुसला, तरी दिवा काही काळ बंदच राहतो. दुरुस्ती झाली की नाही हे दिव्यावरून ठरत नाही. पेंडिंग कोड आणि मॉनिटरचा, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या चाचणीचा, निकाल बघावा लागतो.

प्रश्न नेमका कोणता

पी०१३५ हा कोड हीटरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सरकडे नाही. सर्किट मोठं आहे: बॅटरी, मेन रिले, फ्यूज, तिथून सप्लायची वायर, कपलर, सेन्सरमधला हीटर, परत कपलर, कंट्रोलची वायर आणि शेवटी ईसीएममधला ड्रायव्हर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). या गाडीत हीटरला १२ व्होल्टचा सप्लाय चावी लावताच मिळतो आणि ईसीएम अर्थची बाजू चालू-बंद करून हीटर चालवतो. यातला कुठलाही दुवा कमजोर असला तरी कोड हाच येईल.

हीटर हवाच कशाला? झिर्कोनिया साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय भरवशाचं व्होल्टेज देत नाही. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ ते ०.२, आणि या दोहोंमधली उडी ०.४५ च्या आसपास. हायवेवर एक्झॉस्टची उष्णता सेन्सर तापवते, तिथे हीटर दुबळा असला तरी भागतं. थंड स्टार्टला आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सगळी भिस्त हीटरवर असते. ‘शहरात दिवा, हायवेवर नाही’ या तक्रारीचा अर्थ इथे लागतो: हीटर पूर्ण बंद असो वा अर्धवट तापत असो, त्याला पुरेशी ताकद मिळत नाही.

फ्रीझ फ्रेममध्येही, म्हणजे कोड येताक्षणी ईसीएमने जपलेल्या नोंदीतही, तेच दिसलं. कोड नोंदला गेला तेव्हा कूलंट ३८ अंश, आयडल ८२० आरपीएम, वेग शून्य, फ्युएल सिस्टिम ओपन लूपमध्ये (ऑक्सिजन सेन्सरचं वाचन न वापरता). ही नोंद शेवटच्या वेळची. आधीच्या दोन्ही वेळच्या नोंदी कोडबरोबर पुसल्या गेल्या होत्या.

पर्याय

तीन वाटा समोर होत्या. पहिली, आणखी एक सेन्सर घालून बघणे: आधीचा नवाही खराब निघाला असेल या आशेवर. दुसरी, ईसीएम बदलणे. तिसरी, सर्किट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजणे.

पहिली वाट बाजूला ठेवायला दोन मिनिटं पुरली. सेन्सर थंड असताना कपलर सोडून दोन पांढऱ्या वायरींमध्ये मीटर लावला तर ६.१ ओहम. हीटरचा थंड रेझिस्टन्स मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. इथे तो मर्यादेत होता. हीटर आणि सेन्सरच्या बॉडीमध्ये कंटिन्युइटी नव्हती. हीटर धड होता. (काळ्या आणि करड्या वायरींमध्ये मात्र ओहम मोजायचे नाहीत. मीटरचा करंट झिर्कोनियाच्या सेलमधून जातो आणि सेल बिघडू शकतो.)

ईसीएमवर संशय घ्यायला तेव्हा कुठलंच मोजमाप नव्हतं. ईसीएम खराब होतच नाही असं नाही, पण सप्लाय, अर्थ आणि वायरिंग लोडखाली, म्हणजे प्रत्यक्ष करंट वाहत असताना, निर्दोष ठरल्याशिवाय त्याचं नाव घेणं म्हणजे अंदाजावर सर्वांत महाग भाग उतरवणं. तेव्हा तिसरी वाट.

पहिला निर्णय: मागच्या सेन्सरला साक्षीला बोलावणे

वायरिंगला हात लावण्याआधी डायग्राम पाहिला. पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या हीटरना एकाच फ्यूजमधून सप्लाय आहे आणि हार्नेसमधल्या एका जोडापासून दोन फाटे निघतात. मागच्या हीटरचा कोड, म्हणजे पी०१४१, कधीच आला नव्हता. तो हीटर नीट चालतोय याचा अर्थ मेन रिले, फ्यूज आणि जोडापर्यंतची वायर निर्दोष. दोष जोडाच्या पुढे, पुढच्या सेन्सरच्या फाट्यात किंवा त्याच्या कंट्रोल वायरमध्ये. एकही पाना न लावता शोधाचं क्षेत्र निम्म्यावर आलं.

दुसरा निर्णय: लोड देऊन मोजणे

आधीच्या वर्कशॉपमध्ये सप्लाय तपासला होता, असं मालकाचं म्हणणं. तपासला असेलही. कपलर सोडून, चावी लावून, सप्लायच्या पिनेवर मल्टिमीटर धरला की इथेही १२.४ व्होल्ट दिसत होते, बॅटरीइतकेच. याच वाचनाने फसगत होते. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून वाहणारा करंट जवळजवळ शून्य. वायरची एकच तार शिल्लक असली किंवा मध्ये गंज असला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. हीटरला मात्र एक-दोन अँपिअर लागतात.

म्हणून त्याच पिनेला २१ वॉटचा बल्ब जोडला, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. हा बल्ब पूर्ण व्होल्टेजवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे हीटरच्या जवळपास. बल्ब मिणमिणला. पिनेवर आता ६.३ व्होल्ट. उरलेले ६.१ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते. यालाच ड्रॉप म्हणतात.

पिनेत टोक घालताना मापाचं जुळणारं टर्मिनल वापरावं. मल्टिमीटरची जाड प्रोब फीमेल पिनेत कोंबली की पिन फाकते आणि मूळ दोष सापडायच्या आत नवा तयार होतो.

तिसरा निर्णय: ड्रॉप नेमका कुठे

बल्ब जळता ठेवून मीटरची लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला पक्की केली आणि काळी प्रोब सप्लायच्या वाटेवर पुढे पुढे नेली:

- फ्यूजच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला: ०.०८ व्होल्ट
- दोन फाटे फुटतात त्या जोडाशी: ०.२० व्होल्ट
- पुढच्या सेन्सरच्या कपलरशी: ६.१ व्होल्ट

इतक्या करंटला सप्लायच्या पूर्ण वाटेत अर्ध्या व्होल्टच्या आतला ड्रॉप चालतो. इथे जोडापर्यंत सगळं ठीक आणि शेवटच्या मीटरभर वायरीत ५.९ व्होल्ट गायब. करंट १.२ अँपिअरच्या आसपास होता, म्हणजे वायरीत सुमारे ५ ओहम. हीटर स्वतः ६ ओहमचा. जवळजवळ निम्मं व्होल्टेज वायरच खाऊन टाकत होती, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते म्हणून थंड हीटरला मिळणारी ताकद जेमतेम तिसाव्या-पस्तिसाव्या टक्क्यावर आली होती. हीटर तापायचा, पण उशिरा आणि अर्धवट.

हार्नेसवरची टेप सोडल्यावर कपलरपासून वीतभर अंतरावर वायरच्या इन्सुलेशनला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. त्याभोवती वायर थोडी फुगलेली. इन्सुलेशन कापलं तर आत हिरवी पूड आणि मोजक्या काळवंडलेल्या तारा. कधीतरी कोणीतरी टोकदार टेस्ट लॅम्प वायरीत खुपसून सप्लाय पाहिला असणार. भोक बुजवलं गेलं नाही, ओल आत गेली आणि तांबं हळूहळू खाल्लं गेलं. हा प्रकार वर्कशॉपमध्ये फार आढळतो. वायरला भोक पाडण्याऐवजी कपलरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजता येतं. भोक पाडणं टाळणं अशक्यच असेल तर काम झाल्यावर ते लिक्विड इन्सुलेशनने बंद करणं हा कामाचाच भाग.

कंट्रोलची बाजू आणि सिग्नल

एक दोष सापडला म्हणून तपास थांबवला नाही. कंट्रोल वायरवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला, कपलर जोडलेला, इंजिन चालू. ईसीएम अर्थ देतो तेव्हा ०.२ व्होल्ट, सोडतो तेव्हा सप्लायइतकं. ड्रायव्हर आणि त्याचा अर्थ दोन्ही चोख. ईसीएम बदलायचा मुद्दा इथे निकालात निघाला. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या: एक, हा सिग्नल चालू-बंद होणारा आहे, मल्टिमीटर त्याची सरासरी दाखवतो आणि ती वाचून काहीही निष्कर्ष निघू शकतो. दोन, बरेच ईसीएम कोड नोंदल्यावर हीटरचा ड्रायव्हर बंदच ठेवतात. कोड न पुसता तपासलं तर ‘ईसीएम अर्थ देत नाही’ असं दिसतं. तिसऱ्या वेळचं निदान कदाचित याच वाटेने आलं असावं.

सिग्नलच्या वायरी तपासायला कपलर सोडून, चावी लावून स्कॅनर पाहिला: ०.४५ व्होल्ट. हे ईसीएमने स्वतः दिलेलं बायस व्होल्टेज. सिग्नलची पिन सिग्नल अर्थला जोडली तर वाचन शून्यावर आलं. दोन्ही वायरी सलामत. या पिनेला १२ व्होल्ट चुकूनही द्यायचे नाहीत.

दुरुस्ती

इंजिनचं पूर्ण हार्नेस बदलणं हा कागदावर सर्वांत शुद्ध उपाय, पण एका वायरीसाठी शंभर जोड उघडणं म्हणजे नवे दोष ओढवून घेणं. फ्यूजपासून नवी वायर समांतर ओढणं सोपं होतं. त्यात गंजलेली वायर हार्नेसमध्येच पडून राहते आणि पुढच्या माणसाला डायग्रामशी न जुळणारं वायरिंग मिळतं. मधला मार्ग निवडला: भोकाच्या दोन्ही बाजूंनी तांबं लख्ख दिसेपर्यंत वायर मागे कापत जाणे आणि तेवढाच तुकडा बदलणे.

गंज इन्सुलेशनच्या आत केशाकर्षणाने पुढे सरकतो. बाहेरून ठीक दिसणारी वायरही आत काळी असते. इथे दोन्ही बाजूंना मिळून ३० सेंटिमीटरच्या आसपास वायर काढावी लागली. नवा तुकडा ०.७५ चौरस मिलिमीटरचा, १२५ अंश सोसणाऱ्या इन्सुलेशनचा. जोड क्रिंप केलेले (धातूच्या नळीत दाबून बसवलेले), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). एक्झॉस्टजवळच्या कंप पावणाऱ्या वायरीला नुसत्या सोल्डरपेक्षा नीट केलेला क्रिंप बरा, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होऊन तुटते. दोन्ही जोड एकमेकांसमोर न ठेवता पुढे-मागे, वरून ग्लासफायबरची स्लीव्ह, आणि हार्नेस मूळ क्लिपमध्ये.

जोड फक्त हार्नेसच्या बाजूला. सेन्सरच्या स्वतःच्या वायरी कापून सोल्डर करू नयेत. सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि या प्रकारात ती त्या वायरींच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. याच कारणाने कपलरमध्ये स्प्रे आणि ग्रीस यांनाही मज्जाव. त्याचा परिणाम पुढे दिसला.

लोडवर पुन्हा मोजलं: एकूण ड्रॉप ०.२५ व्होल्ट. कोड पुसून थंड स्टार्ट. आधी दोन मिनिटं उलटून गेली तरी ०.४५ वर बसून राहणारा सिग्नल आता अर्ध्या मिनिटाच्या आत हलू लागला. हीटरचा मॉनिटर पास.

चौथा निर्णय: गाडी इथे द्यायची का

कोड नाही, हीटर चालू, दिवा बंद. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच दिली गेली असती. पण अॅव्हरेजची आणि वासाची तक्रार अजून तपासलीच नव्हती, म्हणून गाडी गरम करून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती, पाहिला. लाँग टर्म ट्रिम चढत चढत +१६ टक्क्यांवर गेला. हीटरचा कोड असताना या गाडीचा ईसीएम ट्रिम शिकणं थांबवतो, म्हणून तो आधी दिसलाच नव्हता.

+१६ म्हणजे ईसीएमला मिश्रण लीन वाटतंय आणि तो पेट्रोल वाढवतोय. सरळ विचार केला तर इनटेकमधली गळती, कमी फ्युएल प्रेशर किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर शोधायची. ते करण्याआधी मागच्या सेन्सरकडे पुन्हा पाहिलं. त्याचं वाचन ०.७८ व्होल्टवर स्थिर. मिश्रण खरोखर लीन असतं तर तो खाली असता. एक सेन्सर लीन म्हणतो, दुसरा रिच. पेट्रोलचा वास दुसऱ्याच्या बाजूने. एक्झॉस्टच्या सांध्यांवर धूर सोडून पाहिला, गळती नाही.

पुढच्या सेन्सरला दोन्ही टोकांची परीक्षा दिली. इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडून मिश्रण मुद्दाम रिच केलं: वाचन ०.५२ च्या वर जाईना. व्हॅक्यूमची नळी सोडून लीन केलं: −०.१४. चांगला सेन्सर शून्याच्या खाली जाण्याचं कारण नाही. संपूर्ण आलेखच खाली सरकला होता. संदर्भाची, म्हणजे तुलनेसाठी आत येणारी, हवा दूषित झाली, तिच्यात ऑक्सिजन कमी पडला की हेच दिसतं. कपलरमध्ये भरपूर मारलेला स्प्रे हा सर्वांत मोठा संशयित. सेन्सर ०.४५ ओलांडावा म्हणून ईसीएम मिश्रण प्रमाणाबाहेर रिच करत होता.

मालकाने मूळ सेन्सर नव्याच्या खोक्यात जपून ठेवला होता. हीटर ६.४ ओहम. तो बसवला तर ०.१२ ते ०.८४ असा पूर्ण पल्ला आणि ट्रिम उतरू लागला. म्हणजे पहिल्याच दिवशी काढून टाकलेला भाग निर्दोष होता. कायमचा तोच ठेवावा का, हाही एक निर्णय होता. स्कोपवर त्याला रिचकडून लीनकडे यायला १८० मिलिसेकंदांच्या आसपास लागत होते. चांगल्या सेन्सरकडून १०० च्या आतली अपेक्षा असते. चालण्याजोगा, पण वयाने मंदावलेला. मालकाला दोन्ही बाजू सांगितल्या, त्याने नवा निवडला. जुना ‘तपासलेला, चालू’ अशी चिठ्ठी लावून परत दिला.

नवा बसवताना धाग्यांना (आट्यांना) सेन्सरसाठीचा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप), टोकाला अजिबात नाही. २२ मिलिमीटरचा खाचेचा सॉकेट, टॉर्क ४० न्यूटन-मीटर. कपलर कोरडा.

निष्पत्ती

ईसीएमने शिकलेला जुना ट्रिम पुसून गाडी चालवल्यावर लाँग टर्म ट्रिम +२ ते +३ टक्क्यांवर स्थिरावला. पुढच्या सेन्सरचा सिग्नल २,५०० आरपीएमवर झपाट्याने वर-खाली, मागचा शांत. सगळे मॉनिटर पूर्ण झाले, लागोपाठच्या थंड स्टार्टनंतर पेंडिंग कोडही नाही. वास गेला.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी पहिल्याच दिवशी होती. मागच्या हीटरचा कोड नाही हे स्कॅनरवर तेव्हाही दिसत होतं आणि २१ वॉटच्या बल्बची चाचणी पंधरा मिनिटांची आहे. नवा सेन्सर लावूनही तोच कोड आला, तेव्हा तरी भागावरून नजर वायरीकडे वळायला हवी होती. वळली ती कपलरकडे, आणि तीही स्प्रेची नळी हातात घेऊन.

दुसऱ्या टप्प्यातही क्रम सुधारता आला असता. स्कोपचे दोन चॅनल सुरुवातीलाच सप्लाय आणि कंट्रोल या दोन्ही वायरींवर मागून लावले असते, तर ड्रायव्हर चालू होताच सप्लाय कोसळताना एकाच चित्रात दिसला असता आणि ईसीएमची निर्दोषता त्याच वेळी सिद्ध झाली असती. ज्याच्याकडे स्कोप नाही त्याचं बल्ब आणि मीटरवर अडत नाही, फक्त पायऱ्या वाढतात. स्प्रे मारल्याचं मालकाने पहिल्या गप्पांतच सांगितलं होतं. त्याची नोंद तेव्हाच जॉब कार्डावर झाली असती, तर +१६ चा ट्रिम पाहिल्यावर एक्झॉस्टची गळती शोधण्याआधी प्रोपेनची परीक्षा झाली असती.

भोक एकच आहे असं गृहीत धरलं नाही हे बरं झालं. त्याच हार्नेसमध्ये कूलंट सेन्सरच्या वायरीवर तसंच दुसरं भोक सापडलं, तांबं अजून लख्ख होतं. ते तिथल्या तिथे बंद करून जॉब कार्डावर जागेसह लिहून ठेवलं.